शिवी तीच, मग गुन्हा एकावरच का?

रानवारा:
एका पक्षाचा नेता सभेत विरोधकाला शिवी देतो आणि रात्रीपर्यंत गुन्हा नोंदला जातो. दुसऱ्या पक्षाच्या नेत्याने तोच शब्द वापरला तर "बोलण्याच्या ओघात गेलं" म्हणून विषय संपतो. कायद्यात याची काही मोजपट्टी आहे की नाही? नुसत्या भावना दुखावल्या तर गुन्हा होतो का?

तळटीप:
नाही होत. 'भावना दुखावणे' असा सरसकट गुन्हाच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (भारतीय दंड विधानातलं जुनं १५३अ) लावायचं तर दोन गटांत वैर पेटवण्याचा हेतू दिसावा लागतो. दुसरा गट चित्रातच नसेल तर हे कलम टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच बिलाल अहमद कालू प्रकरणात सांगितलंय. कलम २९९ (जुनं २९५अ) धर्मापुरतं आहे आणि त्यात बुद्धिपुरस्सर, दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. एका नेत्याला दिलेली शिवी यात बसत नाही. ती फार तर कलम ३५२ (शांतताभंग होईल असा अपमान) किंवा ३५६ (अब्रुनुकसानी) मध्ये जाते. ही दोन्ही अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून तर घाईत १९६ जोडलं जातं: ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. गडबड इथूनच सुरू होते.

चौथा खांब:
वरच्या प्रतिसादात भर. कलमाचे शब्द सगळ्यांना सारखेच आहेत, दुजाभाव होतो तो पुढच्या टप्प्यांवर.

तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते (नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे तपास-खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा, कलम १७३(३)). बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत हीच वाट धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात म्हटलं. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून जोखायचा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नव्हे, हेही तिथेच आलंय. पण चौकशी 'करता येते', सक्ती नाही. मग एकाची चौकशी होते, दुसऱ्यावर थेट गुन्हा.

त्याहून मोठी खोच याच संहितेच्या कलम २१७ मध्ये आहे. १९६ आणि २९९ खाली न्यायालयाला दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. मंजुरी देणारं सरकार कोणाचं, हे वेगळं सांगायला नको. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. हा अधिकार राजकीय हातात असूच नये.

रानवारा:
आणि सभागृहात बोललेलं?

तळटीप:
तिथे खटला नाही. संसदेला अनुच्छेद १०५, विधिमंडळाला १९४ चं संरक्षण आहे. अध्यक्ष शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात, सभागृह निलंबन करू शकतं. तेच वाक्य बाहेर पत्रकारांसमोर म्हटलं की संरक्षण संपलं.

उंबरठा:
तक्रार करायचीच असेल तर दहा सेकंदांची कापलेली चित्रफीत पाठवू नका, मागचापुढचा संदर्भ नसला की हेतू सिद्ध होत नाही. पूर्ण भाषण, दुवा, तारीख, वेळ जपून ठेवा. पुरावा न्यायालयात मांडताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण) नोंदवायचं असतं. मूळ फाइल एकदा संपादित केली की ते मूल्य जुळत नाही.

आणि दुटप्पीपणा पोलिसांपुरता नाही. आपल्या बाजूच्या माणसासाठी आपण 'निषेध' पुरेसा मानतो, समोरच्यासाठी 'अटक' मागतो. निषेध, माफी, पक्षाकडून कारवाई, गुन्हा, अटक या पाच वेगवेगळ्या मागण्या आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, त्यामुळे शिवीसाठी थेट अटकेची मागणी बहुतेक वेळा कायद्यालाच धरून नसते. समोरच्यासाठी जे मागाल, ते आपल्या नेत्यासाठीही लेखी मागायची तयारी असेल तरच तक्रार करा.

चौथा खांब:
सहमत. फक्त जमावाला हिंसेची हाक दिली असेल तर तो शिवीचा प्रश्नच राहत नाही, तिथे निषेधावर थांबू नये. मग बोलणारा कोणाचाही असो.