'चेटकीण' की दुसरं काही? मॅक्बेथमधल्या तिघींसाठी शब्द हवा आहे

प्रश्न :
आमचा गट शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकाचं मराठीत अभिवाचन करणार आहे. माळावर भेटून मॅक्बेथला भविष्य सांगणाऱ्या तिघींना मी 'चेटकिणी' म्हटलं. पहिल्याच तालमीत एकाने विचारलं, "त्यांनी त्याच्यावर चेटूक केलं ना? मग त्याचा काय दोष?" तेव्हापासून अडले आहे. मूळ इंग्रजीत त्या 'वीयर्ड सिस्टर्स' आहेत; त्यांना दुसरा शब्द सुचतो का? आणि पत्रकात मॅक्बेथला 'महत्त्वाकांक्षेने झपाटलेला' म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर :
तालमीतली शंका रास्त आहे, आणि ती 'चेटकीण' या शब्दातूनच आली आहे. चेटूक म्हटलं की समोरच्याचं मन त्याच्या नकळत ताब्यात घेतलं, असं आपण धरून चालतो. या तिघींच्या हातात तेवढं नाही. पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश बघा. एका खलाशाच्या बायकोने चेस्टनट दिले नाहीत म्हणून त्यांच्यातली एक चिडली आहे. सूड म्हणून ती खलाशाचं गलबत वादळात भिरकावणार आहे. पण गलबत बुडवता येणार नाही, हेही तिनेच सांगितलंय. मॅक्बेथ रंगमंचावर येण्याआधी, काही ओळी अलीकडेच, शेक्सपिअरने त्यांची हद्द आखून दिली आहे.

मग त्या मॅक्बेथला सांगतात, तू कॉडॉरचा सरदार होशील, पुढे राजा होशील. पुढे तो राजाचा खून करतो, पण 'खून कर' असं तिघींपैकी एकही म्हणत नाही. तो मात्र दचकतो, आणि इतकं चांगलं ऐकून दचकलास का, असं त्याच्यासोबतचा सेनानी बँको लगेच विचारतो. माझ्या मते सगळं नाटक त्या दचकण्यात आहे. बँकोलाही त्यांनी 'राजांचा बाप होशील' असं सांगितलेलं असतं. त्यालाही रात्री नको ते विचार छळतात, पण ते आवरता यावेत म्हणून तो प्रार्थना करतो.

आता शब्दाकडे. 'वीयर्ड'चा आजचा अर्थ विचित्र, पण जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ रूप म्हणजे दैव. ते 'होणे, घडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलं, आणि त्या क्रियापदाचं नातं संस्कृत 'वृत्' धातूशी आहे. आपण भाकीत 'वर्तवतो' तेही याच धातूने! शेक्सपिअरने ज्या होलिनशेडच्या बखरीतून कथा घेतली, तिथेही त्यांना दैवाच्या देवता म्हटलं आहे. म्हणून मी 'वर्तवणाऱ्या बहिणी' म्हणेन.

दुसरं मत :
सटवाई का नको? बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी देवी म्हणून ती घराघरात ठाऊक आहे. आमच्याकडे तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात.

उत्तर :
सुचवलंत ते आवडलं, तरी दोन अडचणी आहेत. 'सटवी' ही शिवी झाली आहे. शिवाय सटवाईचं लिखाण कुणाला वाचता येत नाही. या तिघी तर तोंडावर सांगतात. लिहिलेलं टळत नाही असं मानलं, की मॅक्बेथ पुन्हा निर्दोष ठरतो.

चौथ्या अंकासाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे : चकवा. तिथे तिघींनी बोलावलेल्या आकृती मॅक्बेथला सांगतात : बर्नमचं रान चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस, बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला इजा करणार नाही. पुढे सैनिक फांद्या तोडून त्यांच्या आडून चालत येतात, आणि त्याचा शत्रू मॅकडफ आईचं पोट फाडून काढलेला निघतो. शब्द खरे, भरवसा खोटा. चकवा लागलेला माणूस रात्रभर भटकतो, पण चालतो स्वतःच्याच पायांनी.

'झपाटलेला' नको. त्यात करणारं भूत असतं, माणूस नुसता सोसतो. मॅक्बेथ स्वतःच कबूल करतो की आपल्या इराद्याला टाच मारायला महत्त्वाकांक्षेखेरीज काही नाही, आणि ती उडी मारताना पलीकडे कोसळते. हे समजत असूनही तो पुढे जातो. दुष्ट शक्तींना आपणहून अंगात बोलावते ती त्याची बायको, लेडी मॅक्बेथ. तिच्या प्रवेशात 'अंगात येणे' जरूर वापरा.

प्रश्नकर्ती :
संहितेत 'वर्तवणाऱ्या बहिणी' घेते. मॅक्बेथ मात्र त्यांना नुसतं 'तिघी' म्हणेल. पत्रकातला 'झपाटलेला' काढला. चौथ्या अंकानंतर 'मला चकवा लागला' हे वाक्य त्याच्या तोंडी घालावं का, हे शनिवारच्या तालमीत म्हणून बघते.