करडईच्या तेलाचा साबण खवट होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहते. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. आता त्यांच्या बोटांना भेगा पडतात आणि विकतचा कुठलाही साबण लावला की चरचरतं. म्हणून मार्चमध्ये घरीच साबण करायला घेतला. आपल्या भागात करडई पिकते, घाण्यावर डोळ्यांसमोर तेल काढून मिळतं, म्हणून तेच वापरलं.

करडईचं तेल ३५० ग्रॅम, खोबरेल १५०, कॉस्टिक सोडा ७१, पाणी १७०. ग्रॅमभर करडई तेलाला ०.१३६ आणि खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक धरलं तर ७५ येतं. त्यातलं ५ टक्के कमी केलं, म्हणजे थोडं तेल कातडीसाठी शिल्लक राहावं. कॉस्टिक पाण्यात टाकलं, पाणी कॉस्टिकवर नाही. भांडं स्टीलचं, हातात मोजे, मुलं शेजारी पाठवलेली.

शेवटी चमचाभर हळद घातली, तर मिश्रण लालभडक! मी घाबरले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळदीला चुना लागला की लालच होते. कुंकू तसंच करायचे." ते कोडं सुटलं.

खरी अडचण पुढे आहे. वड्या सहा आठवडे माळ्यावर सुकवल्या, तरी बोट दाबलं की खड्डा पडतो. वर गडद नारिंगी ठिपके उठलेत. सासूबाईंनी वडी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "तेल खवट झालंय की गं." फेस धड येत नाही, बादलीत पांढरी साय तरंगते. पाणी सगळं बोअरचंच, कॉस्टिकलाही तेच घेतलं होतं. कॉस्टिक कमी पडलं का? की ठिपके हळदीचे? आणि या वड्या त्यांच्या हाताला चालतील का?

प्रतिसाद

ताई, कॉस्टिकचा हिशोब बरोबर आहे. चूक तेलाच्या निवडीत झाली. साध्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं. त्याचा साबण मऊ राहतो आणि हवा लागली की लवकर खवटतो. ठिपके त्याचेच. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे आणि माळा! बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असेल तर ते आणखी लवकर होतं. कॉस्टिकसाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बादलीतली साय मात्र जड पाण्याची आहे. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं, नुसती तेलं बदलून ती जाणार नाही.

करडई १५ टक्क्यांवर आणा. कडकपणासाठी कोकमेल घाला, तेच जे आपण टाचांच्या भेगांना लावतो. वड्या खालच्या खोलीत, सावलीत, वारा लागेल अशा ठेवा. आत्ताच्या वड्या भेगांवर नकोत, फडकी धुवायला काढा.

धागाकर्ती

खूप आभार! कोकमेल सासूबाईंच्या फडताळातच आहे, मला सुचलंच नाही. आता असं ठरवतेय: खोबरेल १७५, शेंगतेल १५०, कोकमेल १००, करडई ७५. शेंगतेलाला ०.१३६ आणि कोकमेलाला ०.१३५ धरून, ५ टक्के वजा केल्यावर कॉस्टिक ७२ ग्रॅम येतंय. रविवारी करणार आहे, त्याआधी कुणीतरी हा आकडा पडताळून सांगाल का?