मेंटॉरपद लायकीने मिळते म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

जुनी_गढी:
‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेममधील मारेकऱ्यांच्या संघात ‘मेंटॉर’ हे सर्वोच्च पद वारशाने नव्हे, लायकीने मिळते आणि म्हणून तो संघ त्याचे शत्रू असलेल्या टेम्पलरांहून श्रेष्ठ आहे, असे परवा येथे कोणी लिहिले आणि सर्वांनी माना डोलावल्या. मला राहवले नाही. ११९१ साली संघाच्या मसयाफच्या गडावर मेंटॉर अल मुआलिम आपला शिष्य अल्ताइर याला नवशिक्याच्या पायरीवर उतरवतो, टेम्पलरांच्या कटातील नऊ जणांना मारायला धाडतो, आणि शेवटी कळते की त्या कटातला दहावा भागीदार खुद्द गुरूच आहे. त्याला हटवण्याची कोणतीही रीत नसल्याने शिष्याला शस्त्रच उपसावे लागले. पुढे पद बळकावणाऱ्या अब्बासलाही १२४७ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या अल्ताइरने गोळी घालूनच खाली खेचले. ‘काहीही सत्य नाही’ हे ज्यांचे ब्रीद, त्यांनी एका माणसाचा शब्द अंतिम मानावा?

कबुतरवाला:
आपण सोयीची उदाहरणे निवडलीत. १५०३ मध्ये रोममध्ये खेळाच्या पुढच्या भागांचा नायक एत्झिओ मेंटॉर झाला, तेव्हा सूत्रे स्वतःकडे ठेवू शकला असता अशा, संघातल्याच माकियावेलीने त्याचे नेतृत्व मान्य केले. ही लायकीची पारख नाही काय?

जुनी_गढी:
एत्झिओच्या आधी इटलीतील मारेकऱ्यांचा पुढारी त्याचा सख्खा काका मारिओ होता. याला मराठीत घराणेशाही म्हणतात.

लाल_माती:
मूळ वाद बाजूला ठेवून विनंती करतो की मेंटॉरला ‘महागुरू’ म्हणणे थांबवावे. मसयाफच्या बुरुजावर नृत्यस्पर्धेचा परीक्षक बसल्यासारखे वाटते. ‘वस्ताद’ हा शब्द असताना उसना साज कशाला? ‘मुआलिम’ म्हणजे अरबीत शिक्षकच. माझे आजोबा कोल्हापुरात तालमीत होते. त्यांचे वस्ताद हौद्याच्या कडेला बसून नुसत्या बोटाने पोराचा पाय कुठे चुकला ते दाखवत. पण प्रत्येक वस्ताद एक डाव राखून ठेवतो, तसा त्यांनीही ठेवला होता. अल मुआलिमचा राखलेला डाव म्हणजे तो दहावा भागीदार.

कबुतरवाला:
वस्ताद पोरांना मरायला धाडत नाही, त्यामुळे ही तुलना तालमीचा अपमान आहे. ‘सरदार’ म्हणा.

लाल_माती:
तालमीचा मान मला शिकवू नका. आपण कधी हौद्यात उतरला आहात काय? सरदार जहागीर खातो; वस्ताद पदरचे दूध पाजतो.

माजी_सचिव:
शब्द कोणताही घ्या, खुर्ची तीच. आमच्या गृहनिर्माण संस्थेत एकच गृहस्थ अकरा वर्षे अध्यक्ष होते, आणि पाण्याच्या टाकीचा हिशेब मागितला म्हणून माझे सचिवपद गेले. अल्ताइरला निदान तळातून पुन्हा वर चढण्याची संधी मिळाली. मला पार्किंगची जागाही बदलून मिळाली.

कबुतरवाला:
आपल्या टाकीबद्दल सहानुभूती आहे, परंतु प्रश्न मेंटॉरचा आहे. अल्ताइरने पद मिळाल्यावर मारेकऱ्यांच्या मनगटात लपवलेल्या पात्याची रचना सुधारली आणि त्यासाठी अनामिका छाटण्याची प्रथा बंद केली. एकाच्या हाती अधिकार नसता, तर समिती नेमून आणखी शंभर वर्षे बोटे कापली गेली असती.

जुनी_गढी:
बोटांचा मुद्दा मान्य, आणि मान्य करताना मला आनंद होत नाही. पण ज्यांच्यावरून खेळातला संघ बेतला, त्या इतिहासातल्या मारेकऱ्यांच्या इराणमधील अलामूत किल्ल्याकडे पाहा. त्यांचा संस्थापक हसन-ए-सब्बाह याने १०९० मध्ये तो किल्ला घेतला आणि स्वतःच्या दोन्ही मुलांना देहदंड दिला. त्यामुळे ११२४ मध्ये त्याच्यामागे कर्तबगार सहकारी बुझुर्ग-उमीद आला. त्याच्यामागे मात्र त्याचा मुलगा आणि नंतर नातू. लायकीची निवड एक पिढी टिकली, तीही घरात वारस उरला नव्हता म्हणून. खेळातला अमेरिकेतील मेंटॉर अकिलीस तर लायकीनेच मोठा झाला होता, तरीही संघाने प्राचीन अवशेषांना हात लावल्याने झालेल्या १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर आपलाच शिष्य शे ‘हे थांबवा’ म्हणून ओरडत असताना त्याने ऐकले नाही, आणि अमेरिकेतला संघ बुडाला. त्याला थांबवायचा अधिकार तेथे कोणाला होता, एवढे सांगा.

कबुतरवाला:
कोणालाच नव्हता. झाले समाधान? तरीही मी टेम्पलरांकडे जाणार नाही.

लाल_माती:
अकिलीस लंगडत, एकटा, पडक्या वाड्यात राहतो आणि शिकायला दारात आलेल्या तरुण कॉनरला आधी हाकलतो. आजोबांचे वस्तादही म्हातारपणी असेच होते. म्हणून पुन्हा सांगतो, शब्द ‘वस्ताद’च.

जुनी_गढी:
बरे, घेतला. आता कोणी तरी प्रश्नाचे उत्तर द्या.