उरलेलं रक्त "पुढच्या संशोधनाला" द्यावं का?

पंचगंगाकाठ
आमच्या मामाचा पोरगा नऊ वर्षं एचआयव्हीवरच्या एआरटीच्या (विषाणू दाबून ठेवणाऱ्या) गोळ्यांवर आहे. तब्येत खणखणीत, गावात कुणाला पत्ता नाही. परवा एका अभ्यासासाठी रक्त देऊन आला. संमतीपत्रावर तीन चौकोन: हा अभ्यास, उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी साठवणं, नमुना परदेशी पाठवणं. "तिन्हीवर टिक करा, सगळे करतात," तिथले लोक म्हणाले, यानं केली. मग सीबीएस स्टँडवरनं मला फोन, "दादा, काय घोळ तर नाही न्हवं?" माझं मत: पहिल्याला हो, बाकी दोन्हींना नाही. पुढचं संशोधन कसलं हेच ठाऊक नसेल तर ती संमती कसली?

नळीवाली
मी लॅबमध्ये काम करते, मला हे पटत नाही. आफ्रिकेत काँगोतल्या किन्शासात १९५९ साली घेतलेलं रक्त साठवलेलं होतं. एचआयव्ही हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं. पुढं त्यातच विषाणू सापडला, आणि १९९८ साली छापलेल्या अभ्यासातनं तो माणसात किती आधी शिरला असेल याचा अंदाज आला. १९५९ ला कुठला "पुढचा अभ्यास" लिहून देणार होता? शिवाय आपल्याकडं बहुतेकांना एचआयव्हीचा सी उपप्रकार असतो, युरोप-अमेरिकेत बी, आणि संशोधन बीवरच जास्त. आपले नमुने नसतील तर नवं औषध आपल्या विषाणूवर कसं तपासणार?

पंचगंगाकाठ
म्हणजे न विचारता घेतलं तरी चालतंय?

तांबडा_पांढरा
अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीनं मधुमेहाच्या अभ्यासाला रक्त दिलं. वापरलं स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या अभ्यासाला, आणि यांचे पूर्वज कुठनं आले ते शोधायला! २०१० ला विद्यापीठानं ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली, रक्त परत केलं. तिथं ही गत, तर आपलं काय भावा.

शिवाजी_पेठ
माझी शंका साधी हाय. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं दिवसच्या दिवस लाइट नव्हती. तुमच्या फ्रीजरचं काय होतंय?

नळीवाली
प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, उणे ८० अंशावर ठेवतात, तिथं जनरेटर हवाच. जिवंत पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६. त्याला वीज लागत नाही, पण टाकी वेळेवर भरायला माणूस लागतो.

ओळख_नको
मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. तिन्ही चौकोनांवर टिक केली. परदेशातला शास्त्रज्ञ माझ्या सासरच्यांना ओळखत नाही, त्याची कसली भीती? नळीवर कोड असतो. तो कोड आणि माझं नाव ज्या वहीत शेजारी-शेजारी आहे, ती वही इथंच आहे. मी तेवढंच विचारलं, वही कुणाच्या कपाटात आणि किल्ली कुणाकडं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय आपली स्थिती उघड करता येत नाही, पण गावात एकदा कुजबुज सुरू झाली की कायदा काय करणार?

पंचगंगाकाठ
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण परदेशी गेलेलं परत मागता येतं का?

नळीवाली
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नमुना देणाऱ्याचाच, साठवणारा फक्त राखणदार. संमती मागे घेता येते. उरलेला नमुना नष्ट करतील; त्यावरनं आधीच निघालेली माहिती मात्र परत येत नाही. संमतीपत्राच्या प्रतीवर नंबर असतो, त्यावर फोन करा.

पंचगंगाकाठ
पोराला आत्ताच विचारलं. म्हणतोय, "प्रत द्यायची असते व्हय?"