नटानं जॅझ गाऊ नये, हे निदान नागपुरात तरी म्हणू नका

धरमपेठ_श्रोता (धागा सुरू करणारा)

सेथ मॅकफार्लन हा अमेरिकन टीव्हीवरचा माणूस. 'फॅमिली गाय' ही कार्टून मालिका त्याची. त्यातल्या बापाचा, तान्ह्या पोराचा आणि कुत्र्याचाही आवाज त्याचाच. 'द ऑर्व्हिल'मध्ये कप्तानाचं काम त्यानं केलं. या माणसानं २०११ साली मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन जुन्या गाण्यांचा अल्बम केला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि तेव्हापासून तो गातोच आहे. जुना अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा याच्यासाठी लिहिलेल्या, पण बाहेर न आलेल्या अरेंजमेंट्स (कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहिलेले कागद) घेऊन २०२५ मध्ये त्यानं 'लश लाइफ' हा नवा अल्बम केला. आमच्या ऐकण्याच्या बैठकीत तो लावला आणि दोन तट पडले. 'नटानं नटाचं काम करावं, जॅझच्या वाटेला जाऊ नये' असं बरेच जण बोलले.

मला हे अजिबात मान्य नाही. ही गाणी आली कुठून ते आधी बघा. आज ज्यांना जॅझ स्टँडर्ड म्हणतात, म्हणजे जॅझवाले पुन्हा पुन्हा वाजवतात ती जुनी गाणी, त्यांतली कितीतरी ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली पदं आहेत. 'माय फनी व्हॅलेंटाइन' १९३७ च्या 'बेब्ज इन आर्म्स' या नाटकातलं. चाल रिचर्ड रॉजर्सची, शब्द लॉरेन्झ हार्टचे. जॅझवाल्या चेट बेकरनं ते गायलं १९५४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी ते रंगमंचावर एका नटीनं म्हटलेलं होतं.

आणि नाट्यपद नटानं म्हणू नये, हे आपण बोलायचं? सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला नाव कुणाचं आहे? वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, शिक्षण इथं नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे, लहानपणी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाचं काम, मग लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी आणि १९६७ मध्ये 'कट्यार'चे खाँसाहेब. त्यांना नट म्हणायचं की गवई, हा प्रश्न आपल्या आजोबांना कधी पडला नाही.

या गाण्यांत ताना नसतात. जेमतेम बत्तीस बारचं (बार म्हणजे तालाचं छोटं आवर्तन) गाणं. त्यात श्वास कुठं घेतला, शेवटचा शब्द ठेक्याच्या किती मागे ठेवला, सगळी कमाई तिथं. सिनात्रा हे टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये शिकला. डॉर्सी ट्रॉम्बोनवर लांबलचक ओळ वाजवायचा आणि मध्ये श्वास कधी घेतला ते कळायचं नाही. ओळ सांभाळायची ही तालीम नटाची आयुष्यभर चालू असते. मला तर वाटतं, या गाण्यांवर त्याचा हक्क थोडा जास्तच आहे.

महाल_गांधीगेट

नाटकातलं पद आणि जॅझ या दोन गोष्टी तुम्ही एकाच पिशवीत कोंबताय. 'माय फनी व्हॅलेंटाइन' नाटकात होतं तेव्हा ते जॅझ नव्हतंच. वादकांनी ते उचललं, स्वरांची मांडणी बदलली, चाल हवी तिथं वाकवली, रोज रात्री वेगळं वाजवलं, तेव्हा ते जॅझ झालं. नटानं त्याला पुन्हा पाठ करून म्हणायचं पद करून टाकलं तर आपण मागे गेलो की पुढे?

त्या अल्बमच्या शीर्षकगीताचंच घ्या. 'लश लाइफ' संगीतकार बिली स्ट्रेहॉर्ननं विशीच्या आत लिहायला घेतलं होतं. चाल अशी अवघड, की पुढचा स्वर कुठं नेईल याचा भरवसा नाही. सिनात्रा १९५८ साली ते रेकॉर्ड करायला उभा राहिला आणि त्यानं अर्ध्यातच सोडून दिलं. सिनात्रानं! तो माणूस स्वतःला इतका ओळखून होता. तेच गाणं साठाहून जास्त वर्षांनी टीव्हीवरचा लोकप्रिय माणूस, हाताशी पैसा आणि ऑर्केस्ट्रा आहे म्हणून पूर्ण करतो. आवाज त्याचा स्वच्छ आहे, सुरात आहे, नाकारत नाही. पण गाण्यातला माणूस बारमध्ये बसून आयुष्य हरल्याचं सांगतोय आणि मला ऐकू येतो तो मन लावून अभ्यास केलेला विद्यार्थी.

खामला_रात्रपाळी

भाऊ, एवढं काहून ताणून राहिले? मी जॅझ पहिल्यांदा ऐकलं ते या टीव्हीवाल्यामुळेच. कार्टून बघत होतो, त्यात तो गायला, मग हे कोणाचं गाणं म्हणून शोधत शोधत सिनात्रा आणि तिथून जॅझ गायिका बिली हॉलिडेपर्यंत गेलो. आपल्या इकडे जॅझ कानावर पडायची दुसरी सोय कोणती होती, सांगा ना.

महाल_गांधीगेट

@खामला_रात्रपाळी, तुम्ही बिली हॉलिडेपर्यंत पोचलात याचा मनापासून आनंद आहे. आता तिच्यानंतर पुन्हा हा अल्बम लावून बघा. तिचा आवाज लहान, पट्टी मर्यादित, तरी एकेक ओळ ती नव्यानं घडवते. माझी तक्रार नेमकी तिथंच आहे.

सक्करदरा_सॅक्स

मी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. घरी स्टँडर्ड्स वाजवतो, ऐकायला घरचेच. त्यामुळे या वादात माझा जीव अडकलेला आहे.

नट गातो याचं मला दुःख नाही. मागे कोण वाजवतंय हे कुणी विचारत नाही, याचं आहे. सी. रामचंद्र हेसुद्धा शंकरराव सप्र्यांकडे नागपुरात शिकले. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी जो स्विंग (जॅझची डुलती लय) आणला त्यात चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटचा मोठा वाटा. गोव्याचा माणूस, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून तयार झालेला. गाणी आजही प्रत्येक वरातीत वाजतात. मी स्वतः वाजवतो. त्याचं नाव वरातीतल्या किती जणांना माहीत आहे? त्या काळी तबकडीवर वादकांची नावं क्वचितच छापत.

उद्या आपल्या एखाद्या मराठी मालिकेतल्या नटानं असा अल्बम काढला तर मी पहिला विकत घेईन, पण माझी अट आहे. तयार ट्रॅकवर गायचं नाही. जिवंत वादक घ्यायचे, त्यांना सोलोसाठी पूर्ण कडवं सोडायचं आणि नावं मुखपृष्ठावर छापायची. चेहरा नटाचा असू द्या. त्या चेहऱ्यामुळे चार वादकांना स्टुडिओ मिळत असेल तर मी त्याच्या बाजूनं आहे.

धरमपेठ_श्रोता

@सक्करदरा_सॅक्स, तुमची अट शंभर टक्के मान्य. तुम्ही कधी वाजवणार असाल तर कळवा, मी येईन.

@महाल_गांधीगेट, ज्या अरेंजमेंट्स कपाटात पडून होत्या त्या नेल्सन रिडल, बिली मे अशा लोकांनी लिहिलेल्या आहेत. रिडलच्या कागदावरचे व्हायोलिन आणि बासऱ्या कुणी वाजवल्याच नाहीत तर त्या कागदाचा उपयोग काय? सिनात्रा थांबला, तो त्याचा निर्णय. त्यानं सोडलेलं दुसऱ्यानं हातात घेऊ नये, असा नियम आपल्याकडे तरी कुठं आहे? आणि 'पाठ करून म्हटलेलं पद' म्हणून ते खाली ढकलू नका. बालगंधर्वांची पदं पाठच होती.

महाल_गांधीगेट

बालगंधर्वांचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्या बाजूचे साक्षीदार आहेत. साथीला तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. वन्स मोअर आला की तेच पद, पण अंग वेगळं. शब्द तेच, ठेहराव वेगळा, समेवर यायची वाट वेगळी. नाटक थांबायचं, रात्र सरायची, पण लोक उठायचे नाहीत. नट गाऊ शकतो का, यावर माझं भांडण कधीच नव्हतं. हा नट दुसऱ्यांदा वेगळं गाऊ शकतो का, ते मला ऐकायचंय. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या लिहून ठेवलेल्या कागदावर ते कळणार नाही. पियानो, बास आणि ड्रम्स एवढंच घेऊन छोट्या खोलीत बसा आणि 'लश लाइफ' लागोपाठ दोनदा म्हणा. ते रेकॉर्डिंग बाहेर आलं तर मी रात्री जागून ऐकेन.

सक्करदरा_सॅक्स

पियानोवाला आणि ड्रमर माझ्या ओळखीत आहेत. उभा बास वाजवणारा नागपुरात कुणाला माहीत असेल तर कळवा. गायक नंतर बघू, आधी आपणच वाजवून बघू.