आईची पॅक्लिटॅक्सेल किमो सुरू होतेय, सोबत हळदीच्या कॅप्सूल आणि लक्ष्मणफळ चालेल का?

सातारकर_लेक: आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, लाल औषधाची किमो झाली, आता पुढच्या आठवड्यापासून पॅक्लिटॅक्सेल. घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवतोय, मावशीने हळदीच्या कॅप्सूल आणल्यात, काकांनी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सांगितलाय, म्हणतात झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार. झाडांमधून खरंच कॅन्सरचं औषध मिळतं का? आणि आईला हे देऊ का?

खानदेशी_केमिस्ट: ताई, आईला लागणार आहे ते पॅक्लिटॅक्सेलच मुळात झाडाचं आहे! अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाची साल, 1962 साली गोळा केलेली. त्यातलं द्रव्य वेगळं काढून रचना शोधली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी, 1971 ला छापून आलं. वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबईत शिकलेले, आमच्याकडे अजून किती जणांना हे माहीतच नाही याचं फार वाईट वाटतं. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो, हे औषध तो मोडूच देत नाही, मग पेशी तिथेच अडकून मरते. हे 1979 मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं, आणि ब्रेस्ट कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली थेट 1994 ला. म्हणजे सालीपासून सलाईनपर्यंत बत्तीस वर्षं. आणि त्याच यू झाडाची पानं, बिया नुसत्या खाल्ल्या तर माणूस दगावतो, त्यामुळे झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक हे डोक्यातून काढाच.

सह्याद्री_भटक्या: आपल्या घाटातलं नरक्याचं झाड विसरू नका. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं कॅन्सरच्या औषधांना लागणारं द्रव्य असतं, त्यापायी कोकण-कोल्हापूर पट्ट्यात चोरटी तोड झाली, झाडंच्या झाडं गेली, बघून जीव तुटतो. हे द्रव्यही आधी वाणी-वॉल यांनीच एका चिनी झाडातून काढलं होतं, 1966 ला. जसंच्या तसं द्यायला गेले तर विषारी ठरलं. आता त्याच कुळातला रेणू, कॅन्सरची पेशी ओळखून तिला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला जोडून सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान हे औषध केलंय, ट्रिपल निगेटिव्ह या प्रकारच्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी.

ऑन्को_नर्स: ताई, कॅप्सूल आणि काढा दोन्ही आत्ता नको. प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशी मारतं हे खरंय, पण पोटातून ते रक्तात फार कमी उतरतं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा लिव्हरमधून होतो आणि मिरीतलं पायपरिन लिव्हरच्या त्याच कामात आडवं येऊ शकतं, शिवाय अशा कॅप्सूलनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. लक्ष्मणफळात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते मज्जातंतूंना घातक, आणि पॅक्लिटॅक्सेलने आधीच हातापायाला मुंग्या येतात. आमटी-भाजीतली हळद बिनधास्त घाला.

सातारकर_लेक: खूप आधार वाटला. मावशीला कसं सांगू तेवढं बघते. किमोच्या दिवशी काय लक्ष ठेवू?

ऑन्को_नर्स: त्याआधी स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात ते चुकवू नका, औषध ज्या द्रावणात असतं त्यानेच कधीकधी रिअ‍ॅक्शन येते. पहिली दहा-पंधरा मिनिटं शेजारीच बसा, छातीत दडपण, चेहरा लाल, धाप, काहीही वाटलं की लगेच सिस्टरला हाक मारा. आणि मुंग्या-बधिरपणा वाढून ब्लाउजची हुकं लावता येईनाशी झाली, चपला पायातून निसटायला लागल्या तर डॉक्टरांना त्याच वेळी सांगा, ते डोस कमी करतात किंवा थांबवतात. आया हे लपवतात, तुम्ही विचारत राहा. कॅप्सूलची बाटलीही घेऊन जा, त्यांना दाखवा.