नवं ग्राफिक्स कार्ड, गोठलेला कर्नल: अडचण नक्की कुणामुळे?

निशाचर
मागच्या आठवड्यात मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि लिनक्सची 'स्थिर' म्हणवणारी एक डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) टाकायला घेतली. इन्स्टॉलर सुरू होताच पडदा काळा. सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: बूट करताना 'नोमोडसेट' लिहा. लिहिलं. डेस्कटॉप दिसला, पण खिडकी सरकवली तरी प्रोसेसरला धाप लागत होती. तपासलं तर रेंडरर (चित्र काढणारा घटक) म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' हे नाव. म्हणजे कार्ड नुसतं बसून होतं आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढत होता. नोमोडसेटने कर्नल मोडसेटिंग, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) स्वतः पडदा लावून घेणंच बंद होतं, त्यामुळे कार्ड चालवणारा खरा ड्रायव्हर कार्डाचा ताबाच घेत नाही. इन्स्टॉलेशन उरकण्यापुरता तो ठीक आहे. पण लोक तो इलाज म्हणून सांगतात आणि नवखा माणूस वर्षभर तसाच वापरत राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

पुढे बॅकपोर्टमधून (स्थिर डिस्ट्रोसाठी वेगळ्या ठेवलेल्या नव्या पॅकेजांतून) नवा कर्नल घेतला. तरी काळाच पडदा. लॉगमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा कोड) लोड होत नसल्याची ओळ, शेवटी उणे २, म्हणजे फाइलच नाही. फर्मवेअरचं पॅकेज नवं केलं, तेव्हा पडद्याचं पूर्ण रेझोल्यूशन मिळालं, पण रेंडरर पुन्हा एलएलव्हीएमपाइपच, कारण मेसा (प्रोग्रॅमची चित्रं कार्डाकडून काढून घेणारा थर) जुनं होतं. तेही बदललं तेव्हा कुठे कार्ड कामाला लागलं. यात दोन रात्री गेल्या.

कर्नल, फर्मवेअर, मेसा: तिन्ही गोष्टी काही महिन्यांपूर्वीच तयार होत्या, खुल्या होत्या, फुकट होत्या. फक्त माझ्या डिस्ट्रोने जुन्या आवृत्त्या गोठवून ठेवल्या होत्या. माझं म्हणणं असं की डेस्कटॉपसाठीच्या स्थिर डिस्ट्रोने हे तीन थर तरी वेळोवेळी नवे करून द्यायलाच हवेत, आणि तेही इन्स्टॉलरसकट.

स्थिरमती
असहमत. तुमच्या दोन रात्रींबद्दल वाईट वाटतं, पण त्याचा उपाय माझ्या मशीन्सवर नको. माझ्याकडे काही डझन मशीन्स सांभाळायला आहेत, बहुतेक पाच-सहा वर्षांपूर्वीची. एएमडीचा 'एएमडीजीपीयू' हा एकच ड्रायव्हर कित्येक पिढ्यांची कार्डं चालवतो. नव्या पिढीसाठी त्यात बदल झाले की जुन्यांनाही धक्का बसू शकतो. एका कर्नल अपडेटनंतर आमची निम्मी मशीन्स स्लीपमधून उठेनात. काल जे चालत होतं ते आज चालावं, एवढाच 'स्थिर' या शब्दाचा अर्थ आहे.

डेबियन या स्थिर डिस्ट्रोची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, कर्नल ६.१ घेऊन. एएमडीचं आरएक्स ९०७० हे कार्ड बाजारात आलं मार्च २०२५ मध्ये. पावणेदोन वर्षांनी जन्मलेल्या कार्डाची ओळख त्या कर्नलला कुठून असणार? कार्ड घेण्याआधी त्याला कुठला कर्नल आणि कुठलं मेसा लागतं ते बघावं. नवंच हवं असेल तर रोलिंग (सतत नव्या आवृत्त्या देणाऱ्या) डिस्ट्रो आहेत.

पॅचवर्क
दोघेही डिस्ट्रोवरच बोलताय. माझ्या मते खरा प्रश्न कार्ड बनवणारा कोड किती आधी देतो हा आहे. इंटेलचंच बघा. त्यांची आर्क ए-मालिकेची कार्डं २०२२ मध्ये आली, पण ड्रायव्हर आपोआप चालू व्हायला फेब्रुवारी २०२३ चा कर्नल ६.२ उजाडावा लागला. तोपर्यंत बूट करताना 'फोर्स प्रोब' (ड्रायव्हर सक्तीने लावायचा पर्याय) द्यावं लागायचं. पुढची पिढी, बी५८०, डिसेंबर २०२४ ची. तिचा ड्रायव्हर नोव्हेंबरमधल्या ६.१२ मध्येच चालू होता. कंपनी तीच, पण दुसऱ्या वेळी कोड वेळेत पोचला.

एनव्हिडियाची गोष्ट आणखी वेगळी. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाला सही केलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि 'नूवो' या खुल्या ड्रायव्हरला कार्डाचा वेग वाढवणंच जमेना. ट्युरिंग या नंतरच्या पिढीच्या आणि तिच्या पुढच्या कार्डांसाठी हा मार्ग जीएसपी (कार्डातल्या वेगळ्या प्रोसेसरच्या) फर्मवेअरमुळे मोकळा झाला. नूवोला त्याचा आधार मिळाला जानेवारी २०२४ च्या कर्नल ६.७ मध्ये. मधल्या वर्षांत कुठल्याही डिस्ट्रोने कितीही नवे कर्नल दिले असते तरी फरक पडला नसता. फ्रीबीएसडी ही दुसरी खुली प्रणाली वापरणाऱ्यांना तर याहून जास्त थांबावं लागतं, कारण त्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सच्या दीर्घकालीन कर्नलमधून तिकडे नेले जातात.

निशाचर
@पॅचवर्क, मान्य, पण माझ्या बाबतीत कोड वेळेत आला होता. तो माझ्यापर्यंत पोचला नाही.

@स्थिरमती, जमत नाही असं नाही. उबुंटू २४.०४ कर्नल ६.८ घेऊन आलं आणि २४.०४.३ च्या इन्स्टॉलरमध्ये ६.१४ होता. तिथे सर्व्हरवर मूळ कर्नल राहतो, डेस्कटॉपला नवा मिळतो. तुमच्यासारख्यांना मूळ कर्नलवर थांबण्याची सोय आहेच. बूट मेन्यूत जुना कर्नलही राहतो, बिघडलं तर तो निवडायचा.

स्थिरमती
जुना कर्नल निवडणं तेव्हा उपयोगी, जेव्हा मशीन सुरूच होत नाही. तीन तास काम केल्यावर पडदा गोठला आणि माणसाचं न साठवलेलं काम गेलं, तर मेन्यूचा काय उपयोग? असे दोष चाचणीत सापडत नाहीत, वापरणाऱ्याच्या टेबलावर सापडतात.

फर्मवेअरबाबत मात्र माझं मत थोडं बदललं. नव्या कार्डाच्या फाइल बहुतेक वेळा वेगळ्या नावाने येतात, त्या नुसत्या वाढवल्या तर जुन्या कार्डांना काही होत नाही. ते स्थिर आवृत्तीतही करावं. कर्नल आणि मेसा मात्र ज्याला हवं त्याने स्वतः मागून घ्यावं.

अनुस्वार
मला या चर्चेत नवख्या माणसाची बाजू राहून गेल्यासारखी वाटते. तीन थर असतात हेच त्याला माहीत नसतं. निशाचर यांना लॉग वाचता येतो, म्हणून दोन रात्रीत सुटले.

कुणी इथे शोधत आलं असेल तर माझा क्रम असा. आधी 'एलएसपीसीआय' या कमांडला एनएनके हे पर्याय देऊन बघा, कार्डाखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते दिसतं. ती ओळच नसेल तर बहुधा कर्नल जुना आहे किंवा तुम्ही नोमोडसेट काढायला विसरलात. ड्रायव्हर दिसत नसेल किंवा अर्धवट चालत असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये फर्मवेअर शोधा. पडदा नीट आहे पण सगळं जड चालतंय, तर रेंडररचं नाव बघा, तिथे मेसा सापडेल. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकूनही लोड होत नसेल तर सिक्युअर बूट तपासा, सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) तिथेच अडतं. आरटीएक्स ५० मालिकेला तर कंपनीची खुली कर्नल मॉड्यूल्सच लागतात, जुन्या सवयीने बंदिस्त प्रकार निवडला तर कार्ड उठतच नाही.

नवा कर्नल द्यायचा की नाही यावर तुम्ही भांडत राहा. पण इन्स्टॉलरने काळा पडदा दाखवण्याऐवजी 'या कार्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे नाही' एवढं एक वाक्य तरी सांगावं.

पॅचवर्क
कर्नलला जे कार्ड माहीतच नाही त्याबद्दल तो काय सांगणार?

अनुस्वार
कार्डाचं मॉडेल नाही सांगता येणार. पण पीसीआयवरचं (कार्डं जोडण्याच्या मार्गावरचं) प्रत्येक उपकरण स्वतःचा वर्ग सांगतं, आणि डिस्प्लेचा वर्ग ठरलेला आहे. डिस्प्ले आहे आणि त्याला ड्रायव्हर जोडला गेलेला नाही, एवढं इन्स्टॉलरला नक्की कळतं. यूईएफआयने (मशीन सुरू करणाऱ्या प्रणालीने) दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (पडद्याच्या मेमरीवर) ते वाक्य दाखवताही येतं.

स्थिरमती
याला माझा पूर्ण पाठिंबा. यात कुणाचं चालतं मशीन बिघडत नाही.

निशाचर
माझाही. पण ते वाक्य वाचल्यावर माणसाने करायचं काय, हा माझा प्रश्न उरतोच. त्याच पडद्यावर 'नवा कर्नल, फर्मवेअर आणि मेसा घ्यायचं का' असा पर्याय हवा. तुमच्या मशीन्सवर तो प्रश्न कधी येणारच नाही, कारण तिथे ड्रायव्हर जोडलेला असेल.

स्थिरमती
विचारून देणार असाल तर माझा विरोध नाही. पण 'नाही' हे उत्तर आधीपासून निवडलेलं असावं.

निशाचर
तिथे मात्र नाही पटत. ज्याचा पडदा काळा आहे त्याच्यासाठी 'हो' आधी निवडलेलं हवं.